जावयाची दोन पोती

पोत्याची सुतळी सोडून मी आत हात घातला, तर हाताला फणसाची पानं लागली. वाळलेली, कुरकुरीत. आणखी खोल हात घातला. पानंच. दुसरं पोतं सोडलं, त्यात फणसाच्या जोडीला आंबा आणि थोडा सागही होता. या दोन पोत्यांत माझी कॉमिक्स असायला हवी होती.

भोरमधल्या आमच्या घराला रंग द्यायचं निघालं ते लेकीच्या लग्नासाठी. लग्न मार्गशीर्षात आणि रंग मे महिन्यात, कारण बायकोच्या मते भिंतींना वाळायला वेळ द्यावा लागतो. कपाटं रिकामी केली तेव्हा पुस्तकं खोक्यांत गेली. कॉमिक्सपुरती खोकी उरली नाहीत, म्हणून आम्ही दोघांनी ती युरियाच्या धुतलेल्या पोत्यांत भरली आणि व्हरांड्यात नेऊन ठेवली. त्याच व्हरांड्यात अंगणातल्या पाचोळ्याची पोती होती. तीही युरियाचीच. ती दरवर्षी बायकोच्या माहेरी, वेल्ह्याच्या बाजूला जातात.

"तुझा भाऊ परवा टेम्पो घेऊन आला होता, त्यानं कुठली पोती नेली?" मी विचारलं.

"पाचोळ्याची. दोनच नेली, बाकीची मागनं नेतो म्हणाला."

"पाचोळा इथंच आहे."

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं दोन्ही पोत्यांत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे राबाला गेली," ती म्हणाली.

तिकडे भाताचं रोप टाकण्याआधी वाफा भाजतात. खाली शेण, त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर पाचोळा, वर मातीचा पातळ थर, आणि मग वाऱ्याच्या उलट्या बाजूनं विस्तव लावायचा. सावकाश जळतं, तण मरतं आणि त्या राखेत रोप जोमानं येतं. याला राब भाजणं म्हणतात. आमच्या अंगणातला पाचोळा वर्षानुवर्षं मेहुण्याच्या राबात जातो आणि दिवाळीनंतर इंद्रायणी तांदूळ होऊन परत येतो. हा व्यवहार मला नेहमीच आवडत आला आहे. त्यात माझी कॉमिक्स धरलेली नव्हती, एवढंच.

मेहुण्याला फोन लावला. तो नसरापूरला बाजाराला आला तरच त्याचा फोन लागतो. घरी असला की तो डोंगराच्या पोटात असतो आणि फोनवर एक बाई दोन भाषांत दिलगिरी व्यक्त करते.

"राब अजून भाजला नसेल," मी म्हणालो.

"यंदा उशीर झालाय खरा," बायको म्हणाली. "पण उद्या जायचंच आहे आपल्याला. उद्या विचारा."

उद्या आमचं धोंड्याचं जेवण होतं. अधिक महिना चालू होता, आणि अधिक महिन्यात जावयाला सासरी बोलावून धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, ओवाळायचं, ही पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. जावयाची त्या दिवशी जी बडदास्त होते तिला मी दर तीन वर्षांनी घाबरतो.

इथं कॉमिक्सबद्दल थोडं सांगायला हवं. मी कॉलेजात मराठी शिकवतो. त्यामुळे तालुक्यात कुठेही वाचनसंस्कृती धोक्यात आली की मला भाषणाला बोलावतात. निवेदक माझी ओळख 'व्यासंगी' अशी करून देतो, शाल पांघरली जाते, नारळ हातात येतो, आणि मग ज्यांच्यासाठी कार्यक्रम खोळंबला आहे ते पाहुणे येईपर्यंत मी व्यासपीठावर गंभीर चेहऱ्यानं बसतो. माझ्या व्यासंगाचा पाया एसटी स्टँडवरच्या पेपरच्या स्टॉलवर उभ्या उभ्या कॉमिक्स वाचून घातला गेला, हे त्या निवेदकाला कुणी सांगितलेलं नसतं. पुढे मी इतर पुष्कळ वाचलं. जाड वाचलं, अवघड वाचलं, काही काही तर कुणीतरी विचारेल म्हणून वाचलं. पण कुणी विचारणार नसतानाही वाचत राहिलो ती कॉमिक्सच. रद्दीवाल्यांकडून, बाजारातून, पुण्याच्या फुटपाथवरून आणत गेलो. बायकोनं त्यातलं एकही कधी उघडलं नाही. तिचं म्हणणं, घरात एक माणूस चित्रं बघत बसलेला पुरे आहे.

लेक मात्र त्यांच्यावरच वाचायला शिकली. कॉमिक्स बहुतेक हिंदीत. चौथीत असताना तिनं जाहीर केलं की ही माणसं नीट बोलत नाहीत. मग वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या कापून, त्यांवर मराठी संवाद लिहून, ती ते चित्रांतल्या संवादाच्या फुग्यांवर डिंकानं चिकटवू लागली. पृथ्वी जिंकायला आलेला एक ढेरपोट्या सम्राट होता. मूळ हिंदीत तो विनाशाबद्दल बरंच अलंकारिक बोलायचा. लेकीच्या चिठ्ठीत तो म्हणाला, "ए भोपळ्या, हितनं हाल, न्हाईतर उलथनं घालीन टकुऱ्यात!" तीन-चार उन्हाळ्यांत तिनं जवळजवळ सगळी कॉमिक्स अशी सुधारून टाकली. एका संग्राहकानं ती पाहून कपाळावर हात मारला होता. त्याच्या मते मी त्यांची किंमत शून्यावर आणून ठेवली होती. मला ती त्यानंतरच खरी मोलाची वाटू लागली. संवाद अस्सल होते. ही प्रतिभा मुलीत आली कुठून, याचं उत्तर मी मराठीचा प्राध्यापक म्हणून मनातल्या मनात देऊन टाकलेलं होतं.

आता ती पुण्यात असते आणि संगणकावर चित्रं हलवण्याचं काम करते. कॉमिक्सवेड्या लोकांचे मेळावे भरतात, तिथे ती वेषांतर करून जाते. एकदा मलाही घेऊन गेली. मोठमोठी माणसं पुठ्ठ्याची चिलखतं आणि स्पंजच्या तलवारी घेऊन हिंडत होती, एकमेकांचे फोटो काढत होती आणि तहान लागली की मुखवटे वर करून उसाचा रस पीत होती. मला ते सगळं साहित्य संमेलनापेक्षा प्रामाणिक वाटलं. वेष संमेलनातही असतोच, फक्त तो वेष आहे हे कुणी कबूल करत नाही. याच मेळाव्यात तिला तिचा होणारा नवरा भेटला. तो त्या वेळी यंत्रमानव होता. त्याच्या घरच्यांना 'एका कार्यशाळेत ओळख झाली' असं सांगण्यात आलं आहे आणि तेवढ्यावर सगळं सुरळीत चालू आहे.

लग्न ठरल्यावर तिनं मला फोन केला. "बाबा, सोन्याचं काय ते आई बघेल. पण रुखवतात मला ती कॉमिक्स पाहिजेत. सगळी. टेबलावर मांडायची."

"रुखवतात लोक रव्याचे मोर मांडतात," मी म्हणालो.

"मोर कोण वाचतं?"

मी हो म्हणालो. हे हो म्हणताना माझा आवाज जरा बदलला असावा, कारण तिनं लगेच फोन ठेवला. सव्वीस वर्षांच्या लेकीशी बोलायला बापाकडे विषय कितीसे असतात? जेवलीस का, गाडी सावकाश चालव, आणि कॉमिक्स. पहिल्या दोन्हींवर ती नुसतं 'हो' म्हणते. तिसऱ्यावर तासभर बोलते. ती आमच्या दोघांची भाषा होती, आणि ती दोन पोत्यांत भरून मी व्हरांड्यात ठेवली होती. दुसरी आणता येतील अशी ती नव्हतीच. तिच्या चौथीतल्या अक्षरातल्या चिठ्ठ्या कुठल्या फुटपाथवर मिळणार होत्या?

दुसऱ्या दिवशी आम्ही भोरहून एसटीनं नसरापूरला आलो आणि तिथून वेल्ह्याकडे जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसलो. जीप भरेपर्यंत निघणार नव्हती.

"तुमचं तोंड बघा जरा," बायको म्हणाली. "माझ्या बाळंतपणात एवढं उतरलं नव्हतं."

"तेव्हा तू दवाखान्यात होतीस, राबावर नव्हतीस."

"जळली असतील तर जळली असतील. पोरीला मी सांगेन."

"काय सांगशील?"

तिनं पिशवीतून एक केळं काढून माझ्या हातात दिलं.

जीप निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं होती आणि प्रत्येक खाचराच्या कोपऱ्यात एक काळा चौकोन. कुणाचाच राब भाजायचा राहिलेला दिसत नव्हता. एरवी मला हे काळे चौकोन बघायला आवडतं. त्या दिवशी मी समोर बसलेल्या माणसाच्या टोपीकडे बघत प्रवास केला.

गावात उतरलो तर फाट्यावर माझा फ्लेक्स लागला होता. 'जावईबापूंचे सहर्ष स्वागत.' माझा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो कापून मोठा केला होता आणि माझ्या डोक्यामागून सोनेरी किरणं निघत होती. कानाच्या मागे थोडा धबधबाही होता. खाली 'शुभेच्छुक' म्हणून मेहुण्याचा फोटो होता, गॉगल लावलेला, हात जोडलेला, माझ्या फोटोच्या दीडपट. ते योग्यच होतं. ग्रामपंचायतीची निवडणूक तो लढवणार होता, मी नाही.

"कसं वाटलं, दाजी?" मेहुणा पुढे येत म्हणाला. तो बायकोपेक्षा धाकटा, अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम. "किरणं माझी आयड्या. फ्लेक्सवाला म्हनत हुता फुलं टाकू. म्या म्हनलं, न्हाई, किरणं पायजेत."

"छान आहे. अरे, ती पोती—"

"पोती-बिती मागनं! आदी पाय धुवा. ए, पाणी आना दाजींना!"

पाय धुतले. टॉवेल आला, टोपी आली. अंगणात मांडव घातला होता आणि मांडववाल्याकडून नवरदेवाची लाल मखमली खुर्ची आणली होती. तिच्या दोन्ही हातांवर सिंहाची तोंडं होती. मला तिच्यावर बसवलं. समोर सतरंजीवर गावातली पाच-पंचवीस माणसं बसून माझ्याकडे बघू लागली. आयुष्यभर मी ज्या प्रकाराची टिंगल केली तो प्रकार माझ्यावर चालू होता आणि मला उठता येत नव्हतं.

त्या खुर्चीतून घरामागचं खाचर सरळ दिसत होतं. राब भाजलेला होता. कालचा असेल नाहीतर परवाचा; काळा, सपाट, एका कडेला अजून बारीक धूर. त्या राखेत एखाद्या मुखपृष्ठाचा तुकडा चकाकतोय का, ते मी सिंहाच्या तोंडाला धरून मान वाकडी करून बघत होतो.

"मास्तर," पुढे बसलेले एक म्हातारे, बायकोचे चुलते, म्हणाले, "तब्येत बरी न्हाई का?"

"बरी आहे."

"मंग मान का अशी?"

"एसटीत आखडली."

"तेल लावा," ते म्हणाले, आणि कुठलं तेल यावर पुढे सतरंजीवर बरीच चर्चा झाली. एकानं सांगितलं की मान आखडली तर ज्या बाजूला आखडली त्याच्या उलट्या बाजूला झोपायचं, तर दुसऱ्यानं त्याला वेड्यात काढलं. मेहुणा दोनदा माझ्या जवळून गेला. दोन्ही वेळा मी "अरे, ऐक" म्हणालो आणि दोन्ही वेळा त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारून "सावकाश, दाजी, आज तुमचा दिवस हाय" असं सांगितलं. तो नजर चुकवतोय, असं मला वाटू लागलं. ते खरंही होतं.

पंगत बसली. पुरण भरलेले धोंडे ताटात आले, वर तुपाची धार. मेहुणा वाढता वाढता माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "दाजी, एक बोलायचं हुतं. रागावनार न्हाईसा न्हवं?"

माझा घास हातात राहिला.

"ती तुमच्या घरनं पोती आनली न्हवं, त्यात पानं न्हवती."

"माहीत आहे."

"त्यात द्येव निघालं."

"काय निघाले?"

"द्येव! म्या पोतं राबावर उलटं केलं तर भदाभदा द्येवच पडलं. एक निळा, मागं ही एवढी परभावळ, हातात चक्र. एक बाई बिबट्यासंगं हुबी. एकाच्या डोळ्यातनं जाळ निघतोय. माझं तर हातपाय गार पडलं, दाजी. तेवढ्यात आई मातीची पाटी घेऊन आली, तिनं बघितलं आन् वरडली, हात लावू नगंस, हे जाळायचं नसतंय! तसं समदं गोळा करून परत पोत्यात भरलं. थोडं शेन लागलंय, पुसलं म्या. मंग शेजारच्याकडनं पाचोळा आनून राब भाजला."

परप्रांतातून नव्हे, परग्रहावरून आलेला तो निळा वीर माझ्या चांगल्या ओळखीचा होता. त्याच्या मागे जी प्रभावळ होती तो त्याचा ग्रह होता. मी हातातला घास तोंडात घातला. इतका गोड घास मी त्याआधी खाल्ला असेन असं वाटत नाही.

"मग आता कुठे आहेत?"

"आत, देव्हाऱ्याखाली. बाया येऊन हळदीकुकू लावून गेल्या." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "आमुशेला अधिक संपतोय, त्या दिवशी वाजतगाजत धरनात सोडतो. धा-ईस मानसं सांगितल्यात. फोटूबी हुतील. फकस्त तुमचं द्येव म्या न इचारता बुडवतोय, म्हून तुमच्या कानावर घातलं."

म्हणजे आगीतून सुटली होती ती पाण्यासाठी. मी ताटाकडे बघत विचार करू लागलो. ते देव नाहीत असं म्हणावं, तर भरल्या पंगतीत सासूबाईंचा शब्द खोटा पडतो, शिवाय हळदीकुंकू लावून गेलेल्या बायांना तोंड दाखवायची सोय राहत नाही. देव आहेत म्हणावं, तर धरण. चिकित्सा हवी, कुठलीही गोष्ट तपासून घ्यावी, असं मी आजवर कितीतरी व्यासपीठांवरून सांगितलं होतं. ज्यांना सांगितलं त्यांच्यापैकी एकावरही असा प्रसंग आला नसेल. मी आणखी एक धोंडा मागून घेतला. खाताना माणसाला बोलावं लागत नाही.

पंगत उठली तशी सासूबाईंनी दारातून हाक मारली. "जावईबापू, जरा आत या. देवाला हात जोडून घ्या."

सासूबाई बारीक अंगाच्या आहेत. सत्तरी उलटली तरी मातीची पाटी स्वतः उचलतात आणि कुणी मदतीला आलं तर त्याला हाकलतात. आतल्या खोलीत देव्हाऱ्याखाली पाटावर माझी दोन्ही पोती होती. वरच निळा वीर ठेवला होता. त्याच्या कपाळावर कुंकू होतं आणि शत्रूवर रोखलेल्या त्याच्या मुठीपाशी जास्वंदीचं फूल. त्याला ते बरं दिसत होतं.

त्यांनी दार लोटून घेतलं.

"बसा. त्यो भायेर हाय तवर बोलून घेते. पोरीची पुस्तकं हायत ही."

"तुम्हांला माहीत होतं?"

"मला कळत न्हाई व्हय? चार उन्हाळं माझ्या मांडीवर पसरून बसायची कारटी."

"मग देव कशाला म्हणालात?"

"पुस्तकं म्हनलं असतं तर त्यो म्हनला असता, रद्दी हाय, आन् लावली असती काडी. म्या म्हातारी, त्येच्या हातातनं हिसकावू कशी? द्येव म्हनलं की त्यो गप बसतो. ल्हानपनापासनं तसाच हाय. आन् बायांचं म्हनाल, तर त्यांनी आपनहून लावलं कुकू. म्या कुनाला बोलावलं न्हवतं."

मग त्यांनी निळ्या वीराला अलगद बाजूला ठेवलं, पोत्यात हात घालून शोधलं आणि एक कॉमिक ओढून काढलं. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी चित्रं बघत पानं उलटली आणि त्या ढेरपोट्या सम्राटावर बोट ठेवलं.

"ह्यो बघा. ह्यो आला की म्या म्हनायची, ए भोपळ्या, हितनं हाल, न्हाईतर उलथनं घालीन टकुऱ्यात. आन् ती खिदळत लिवून घ्यायची. ही बाई बिबट्याला काय म्हनती? तर, बस गुमान, दूध तापतंय. ते बी माझंच हाय." त्या पान उलटत गेल्या. प्रत्येक चित्राला त्यांचं बोलणं तयार होतं, आणि मी वाचत होतो त्या प्रत्येक चिठ्ठीशी ते जुळत होतं. "लई बोललोय आमी दोघी ह्यात. जाळू देते व्हय म्या?"

मुलीच्या प्रतिभेचं जे श्रेय मी घेऊन बसलो होतो, ते तिथल्या तिथे सोडून दिलं. सोडताना वाईट वाटलं नाही, उलट हलकं वाटलं.

"तिला रुखवतात हवी आहेत ही," मी सांगितलं.

"मंग देते की. तिचीच हायत."

"पण आता विसर्जन ठरलंय म्हणतो तो."

"त्येचं म्या बघते," त्या म्हणाल्या. "वाणात घालते. जावयाला वाण दिलं की ते माघारी घेत न्हाईत. द्येव जावयाच्या घरला निघालं म्हनायचं. त्याला काय, फोटूशी मतलब."

आणि तसंच झालं. मला पुन्हा त्या सिंहाच्या खुर्चीवर बसवलं. अनारशांचं ताट आलं, त्यावर दिवा, धोतरजोडी, आणि मग चौघांनी उचलून आणलेली दोन पोती, लाल कापडानं झाकलेली. बायकोनं पोती पाहिली, तिच्या आईकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून मांडवाच्या खांबाआड गेली. सासूबाईंनी मला ओवाळलं. मेहुण्याला ही कल्पना विसर्जनापेक्षाही आवडली. धरणावर उन्हात जायचं वाचलं आणि माणसं इथं आयती जमलेली होती. त्यानं माईक हातात घेतला. घराण्यात प्रकट झालेले देव आज भोरच्या दाजींकडे प्रस्थान ठेवत आहेत आणि येत्या पाच वर्षांत गावाचा विकासही असाच होईल, असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या. मी उठून हात जोडले. मनापासून जोडले. आजवर माझे पुष्कळ सत्कार झाले आहेत. मिळालेली वस्तू मला खरोखर हवी होती, असा तो एकच.

"भाषन करा की, मास्तर!" चुलते ओरडले.

"मान दुखतेय," मी म्हणालो.

परत येताना पोती जीपमध्ये आमच्या पायांशी होती. झाकणाचं लाल कापड सुटलं होतं आणि पोत्याच्या तोंडावरचं कुंकू दिसत होतं. समोर बसलेल्या एका बाईंनी ते पाहून पाय आवरून घेतले आणि पोत्याला हात लावून नमस्कार केला. मी त्यांनाही काही सांगितलं नाही. एका दिवसात माणसानं किती बदलावं यालाही मर्यादा असते, पण त्या दिवशी मी कुणाचंही काहीही खोडून काढणार नव्हतो. उन्हं उतरली होती, काळे चौकोन मागे पडत होते आणि मला ते पुन्हा आवडू लागले होते.

मी आतल्या खोलीत घडलेलं सगळं बायकोला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग वाकून पोत्यात हात घातला आणि जे हाताला लागलं ते कॉमिक काढून उघडलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात पहिल्यांदाच. ती सावकाश वाचत होती, चिठ्ठीला बोट लावून. एका पानावर थांबली.

"'पानी सांडलंस? आता पूस जिभेनं!'" तिनं वाचलं. "हे कोण म्हणतंय?"

"तो जलराक्षस."

"हे आई मला म्हणायची." तिनं पान उलटलं. "'खायला काळ आन् भुईला भार.' हे पण. हे सगळं मलाच म्हणायची ती. पोरीनं माझं सगळं लहानपण या राक्षसांच्या तोंडी घातलंय." मला वाटलं ती चिडली. पण तिचे खांदे हलत होते, आणि हसता हसता तिनं चष्मा काढून डोळे पुसले. त्यानंतर नसरापूर येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. एक संपलं की दुसरं काढायची.

नसरापुरात फोन लागला. लेकीला मी सांगायला सुरुवात केली की तुझ्या रुखवताचं काय झालं माहीत आहे का, तेवढ्यात बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला.

"ऐक. सगळं आहे, काही झालं नाही. थोडा शेणाचा वास येतोय, उन्हात घालते. हो, सगळी. पण त्या जलराक्षसाचं मी ठेवून घेतलंय." पलीकडून काहीतरी जोरात आलं. "नाही, देणार नाही. तुझं कसं? शिव्या मी खाल्ल्यात त्यातल्या, तू नाही. रुखवतात मांड, पण रात्री परत माझ्याकडे. नाही म्हटलं ना!"

भोरची एसटी लागत होती. मी एक पोतं खांद्यावर घेतलं, दुसऱ्यापाशी बायकोला उभं केलं आणि खिडकीतून टोपी टाकून जागा धरली. मागे वळून बघितलं, तर ती फोन कानाला लावून अजून भांडत होती.